पडायला शिकविणारा आचार्य : जिगोरो कानो

ज्यूदो हा शब्द आता आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत आहे. काळा पट्टा, पांढरा जाड अंगरखा, कमरेतून वाकून केलेला नमस्कार, हे सगळे सिनेमांतून आणि क्रीडास्पर्धांतून आपल्या ओळखीचे झाले आहे. मात्र हे सारे ज्या एका माणसाने घडविले त्याचे नाव विचारले तर पुष्कळदा क्रीडाशिक्षकही अडखळतात. जिगोरो कानो हे ते नाव. १८६० साली जन्मलेला आणि १९३८ साली भर समुद्रात, बोटीवर देह ठेवलेला हा गृहस्थ पेशाने शिक्षक होता, पैलवान नव्हे. संपादक मंडळाने या अंकासाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र मागितले तेव्हा मला हेच नाव सुचले. त्याला कारण आहे, आणि ते थोडेसे घरगुती आहे.

आमचे गाव कोल्हापूरच्या बाजूचे. त्या मुलखात तालीम नाही असे गाव नाही, आणि पैलवान नाही असे घर विरळा. आमच्या घरातही एक पैलवान होते, माझे थोरले काका. पंचक्रोशीतल्या जत्रांच्या फडात त्यांचे नाव होते. अशाच एका फडात ते मानेवर पडले. जीव वाचला, पण उजवा हात कायमचा लुळा झाला. त्या दिवसानंतर आजीने घरातले सगळे लंगोट चुलीत घातले आणि आम्हा पोरांना तांबड्या मातीत पाय ठेवायची बंदी झाली. मी कुस्ती पाहायची ती लांबून, तीही चोरून. काका ओसरीवर बसून डाव्या हाताने पान जुळवीत, आणि समोरच्या रस्त्याने तालमीकडे जाणाऱ्या पोरांकडे बघत. त्यांच्या डोळ्यांत राग नसे. राग असता तर बरे झाले असते, असे मला अजूनही वाटते.

पुढे १९८५ ते १९८७ अशी दोन वर्षे जपानी भाषेच्या अभ्यासासाठी मी टोकिओत राहिलो. माझी खोली बुन्क्यो भागात होती, आणि तेथून पायी पंधरा मिनिटांवर कासुगा येथे कोदोकान, म्हणजे ज्यूदोचे आद्यपीठ. इमारत शहरी, अनेक मजली, बाहेरून एखाद्या कचेरीसारखी. समोर एका ठेंगण्या माणसाचा पुतळा. सातव्या मजल्यावर चारशे वीस चटयांचा प्रचंड दिवाणखाना. एके दिवशी नुसते बघायला म्हणून वर गेलो, आणि पुढच्याच आठवड्यात नवशिक्यांच्या वर्गात नाव घालून आलो. घरी पत्रातून हे कळविले नाही, हे वेगळे सांगायला नको.

आमच्या वर्गाला एक वृद्ध शिक्षक येत. वय सत्तरीच्या घरातले, कान कुस्तीगिरांचे असतात तसे चुरगळलेले, बोलणे अगदी हळू. पहिले सहा आठवडे त्यांनी आम्हाला एकही डाव शिकविला नाही. शिकविले ते फक्त पडणे. मागे पडणे, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, मग पुढे कोलांटी घेऊन. हनुवटी छातीशी, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोके जमिनीला लागत नाही. हात अंगापासून थोडा दूर, तिरपा, आणि पाठ टेकण्याच्या क्षणी तळव्यापासून दंडापर्यंतचा सगळा हात चटईवर फाडकन आपटायचा, म्हणजे धक्का हातातून बाहेर जातो, मणक्यात शिरत नाही. तासाला शे-दीडशे वेळा आम्ही पडत असू. इतर देशांतून आलेले धट्टेकट्टे तरुण कंटाळून वर्ग सोडून गेले. मला कंटाळा आला नाही. प्रत्येक आपटीबरोबर माझ्या मनात एकच विचार येई, की काकांना हे कोणी शिकविले असते तर! आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, की लढण्याच्या विद्येत पडण्याला पहिला मान द्यावा हे कोणाला सुचले असेल? त्या प्रश्नाच्या मागे लागून मी कानोंच्या चरित्राकडे वळलो.

कोबे शहराजवळच्या मिकागे या गावी, तांदळाची दारू गाळणाऱ्या एका सुखवस्तू घराण्यात जिगोरोचा जन्म झाला. साके नावाची ही दारू आणि त्या भागाचे पाणी यांची कीर्ती जपानभर आहे. जिगोरो नऊ वर्षांचा असताना आई वारली. वडील सरकारी कामात आणि जहाजांच्या उद्योगात होते. त्यांनी मुलाला टोकिओला आणून चांगल्या शाळांत घातले, इंग्रजी शिकविले. मुलगा हुशार, पण अंगाने काटकुळा. मोठेपणीही त्याची उंची पाच फूट दोन इंचांच्या पलीकडे गेली नाही, आणि सतराव्या वर्षी वजन अवघे चाळीस-एकेचाळीस किलो होते. वसतिगृहातली दांडगी मुले त्याला बुकलून काढीत. हुशार पोरांवर दांडग्यांचा राग असतो, तो जगात सगळीकडे सारखाच.

जुजुत्सू नावाची एक जुनी विद्या आहे, तिच्या जोरावर दुबळाही बलवंताला लोळवितो, असे त्याने ऐकले होते. पण शिकवायचे कोणी? १८६८ मध्ये जपानात राज्यक्रांती झाली होती. सामुराईंचा वर्ग मोडीत निघाला, १८७६ मध्ये कमरेला तलवार लावण्यासही बंदी आली. जुन्या विद्या म्हणजे मागासलेपणाची खूण ठरल्या. जुजुत्सूचे नामांकित उस्ताद पोटासाठी तिकिटे लावून खेळ करून दाखवीत, नाहीतर हाडे बसविण्याचा धंदा करीत. जिगोरोच्या वडिलांच्या ओळखीचे दोघे-तिघे ही विद्या जाणत, पण तेही म्हणत की आता हिचा काय उपयोग. तेव्हा या पोराने युक्ती केली. हाडवैद्याची पाटी दिसली की तो आत शिरे आणि तुम्हाला जुजुत्सू येते का असे विचारी. असाच फिरत फिरत १८७७ साली तो फुकुदा हाचिनोसुके या हाडवैद्यापर्यंत पोचला. आपल्याकडचे वस्तादही निखळलेले खांदे बसवितात, हे कोल्हापूरकडच्या वाचकांना सांगायला नको. माणसाचे हाड मोडते कसे हे ज्याला कळते त्यालाच ते बसवायचे कसे हेही कळते.

फुकुदांची शिकविण्याची तऱ्हा जुनी होती. शिष्याने डावाचे मर्म विचारले की उत्तर म्हणून ते त्याला उचलून आपटीत. पुन्हा विचारले की पुन्हा आपटीत. विद्यापीठात तर्कशास्त्र शिकणाऱ्या तरुणाला हे कसे पटावे? पण तो टिकून राहिला. अंगभर मलमाच्या पट्ट्या लावून तो वर्गात बसे आणि मित्र त्याची थट्टा करीत. त्या आखाड्यात फुकुशिमा नावाचा एक धिप्पाड गडी होता, तो जिगोरोला काही केल्या हलेना. जिगोरोने सुमो मल्लांना विचारून पाहिले, त्यांचे डाव चालले नाहीत. मग तो ग्रंथालयात गेला आणि पाश्चात्त्य कुस्तीवरची पुस्तके चाळू लागला. त्यांत त्याला प्रतिस्पर्ध्याला खांद्यांवर आडवे घेऊन टाकण्याचा एक डाव सापडला, आपल्या तालमीतल्या कलाजंगाच्या जवळचा. त्याने तो घोटला आणि फुकुशिमाला टाकले. आज ज्यूदोत हा डाव काता-गुरुमा या नावाने शिकवितात. गुरूने मार देऊन शिकविलेले आणि ग्रंथालयात बसून शोधलेले, या दोहोंचा सांधा येथे प्रथम जुळला.

१८७९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष ग्रँट टोकिओस आले असता त्यांच्यापुढे जुजुत्सूचे प्रयोग झाले. त्यांत फुकुदांबरोबर अठरा वर्षांचा कानोही होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत फुकुदा वारले. घरच्यांनी त्यांच्या विद्येच्या गुंडाळ्या कानोच्या स्वाधीन केल्या. पुढचे गुरू इसो मासातोमो, तेही १८८१ मध्ये गेले. तिसरे इइकुबो, कितो नावाच्या वेगळ्या परंपरेतले, पकड घेऊन फेकण्यात तरबेज. या तिसऱ्या गुरूंशी सराव करतानाच एके दिवशी एक नवल घडले. नेहमी शिष्याला सहज फेकणारे इइकुबो त्या दिवशी त्याला फेकू शकेनात, उलट शिष्यच त्यांना पुन्हापुन्हा टाकू लागला. कानोला एक गोष्ट उमगली होती. माणूस खांबासारखा उभा असताना त्याला फेकण्यात ताकद फुकट जाते. आधी त्याचा तोल घालवायचा, ओढून वा ढकलून. मग नेमक्या जागी आपले अंग बसवायचे. फेकण्याची पाळी सर्वांत शेवटी येते. कानो पुढे हा हिशेब आकड्यांत मांडत. समोरच्याची ताकद दहा आणि माझी सात असेल, तर अडवून मी हरणारच. पण त्याने ढकलताच मी मागे सरलो तर त्याचा तोल जातो, त्या क्षणी त्याची ताकद तीनच उरते, आणि माझी सातच्या सात शिल्लक असते. गुरूंनी मोकळ्या मनाने कबूल केले की आता मजजवळ तुला शिकविण्यासारखे काही उरले नाही.

१८८२ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, कानोंनी टोकिओतील एइशोजी या बौद्ध देवळात बारा चटयांची जागा घेऊन कोदोकान सुरू केले. पहिल्या वर्षी शिष्य नऊ. आपटण्याच्या दणक्यांनी देवळातल्या पितरांच्या पाट्या हलू लागल्या, तेव्हा तेथील भिक्षू वैतागला. दिवसा कानो सरदारपुत्रांच्या शाळेत शिकवीत, संध्याकाळी शिष्यांना घेत, रात्री भाषांतरे करून कोदोकानचा खर्च भागवीत.

आता मुद्द्याची गोष्ट. त्यांनी नवे काय केले? जुजुत्सू म्हणजे युद्धभूमीवरची विद्या. तिच्यात बोटे मोडणे, मर्मावर घाव घालणे, सांधा उखडणे, सगळे होते. असे डाव पूर्ण जोराने खेळता येत नाहीत, म्हणून जुने उस्ताद ठरलेल्या चालीच अधिक घोटवून घेत. कानोंनी चाळणी लावली. जिवावर बेतणारे डाव त्यांनी ठरलेल्या चालींच्या भागात जपून ठेवले, त्याला काता म्हणतात. आणि बाकीचे डाव मुक्त झुंजीसाठी खुले केले, त्याला रांदोरी म्हणतात. मुक्त झुंज पूर्ण ताकदीने व्हायची असेल तर दोन अटी आल्या. पडणाऱ्याला पडता आले पाहिजे, आणि पाडणाऱ्याने त्याची बाही सोडता कामा नये. ज्यूदोत फेकताना शेवटच्या क्षणी समोरच्याचा हात किंचित वर ओढून धरतात, तो उगाच नव्हे. त्या ओढीने त्याचे डोके जमिनीपासून वर राहते. गळा किंवा कोपर अडकले की हाताने दोन थापा मारायच्या, त्याच क्षणी पकड सुटते. शत्रू मारून संपतो, पण सोबती उद्याही लागतो. उद्या सोबती आलाच नाही तर शिकायचे कोणाबरोबर, असा हा साधा व्यवहार. आमच्या फडातल्या मातीवर जिंकणाऱ्याच्या डोक्यात हा व्यवहार त्या दिवशी नव्हता. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याला तो कोणी शिकविलाच नव्हता.

कानोंच्या स्वतःच्या आयुष्यातला याचा दाखला प्रसिद्ध आहे. १८८९ मध्ये ते युरोपातील शिक्षणपद्धती पाहण्यास गेले आणि १८९१ च्या सुरुवातीला परतले. परतीच्या बोटीवर एका धिप्पाड रशियन नौदल अधिकाऱ्याशी त्यांची झटापट लागली. ठेंगण्या जपान्याने त्याला उचलून टाकले, आणि टाकता टाकता त्याच्या डोक्याखाली आपला हात दिला, कारण खाली चटई नव्हती, बोटीची फळी होती. बघ्यांना फेकण्यापेक्षा त्या हाताचेच कौतुक अधिक वाटले. मला या माणसाच्या चरित्रातला दुसरा कोणताही प्रसंग पुसला गेला तरी चालेल, हा राहावा असे वाटते.

सैगो शिरो, योकोयामा, यामाशिता अशा शिष्यांनी पोलिसांच्या सामन्यांत जुन्या आखाड्यांना हरविले आणि कोदोकानचे नाव झाले. सैगोवरून रचलेल्या कादंबरीवर अकिरा कुरोसावाने १९४३ मध्ये आपला पहिला चित्रपट काढला. १८८३ मध्ये दोन शिष्यांना कानोंनी पहिली पायरी दिली. त्या पायऱ्यांना डॅन म्हणतात, आणि पुढे कराटेनेही ही पद्धत उचलली. याचे श्रेय बहुतेकजण कराटेलाच देतात, ते राहो.

कानोंचा खरा पेशा मात्र शिक्षकाचा. कुमामोतोच्या उच्च विद्यालयाचे ते प्रमुख असताना तेथे इंग्रजी शिकवायला लाफ्काडिओ हर्न होता. जपानबद्दल इंग्रजीत लिहून गाजलेला हा लेखक तेथेच ज्यूदो पाहून प्रभावित झाला आणि त्याने त्यावर लिहिले. १८९३ पासून १९२० पर्यंत, मधले खंड सोडता, कानो टोकिओच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्राचार्य होते. देशभरच्या शाळांना शिक्षक तेथून जात. पोहणे, लांब पल्ल्याचे धावणे यांना त्यांनी तेथे मानाचे स्थान दिले. चीनमधून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी १९०२ मध्ये त्यांनी कोबुन गाकुइन ही शाळा उघडली. तिच्यातून हजारो चिनी तरुण शिकून गेले. आधुनिक चिनी साहित्याचा पाया घालणारा लू शुन त्यांतलाच एक. हे पुढे लक्षात ठेवावे लागणार आहे.

१९०९ साली ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासद झाले, आशियातले पहिले. १९१२ मध्ये स्टॉकहोमला त्यांनी जपानचे पथक नेले, त्यात खेळाडू अवघे दोन. त्यांतला मॅरेथॉन धावणारा कानाकुरी उन्हाने कोसळला, वाटेवरच्या एका कुटुंबाने त्याला आसरा दिला, आणि कोणाला न सांगताच तो मायदेशी परतला. १९६७ मध्ये स्वीडनने त्याला बोलावून ती शर्यत पूर्ण करायला लावली. वेळ भरली चौपन्न वर्षे आणि आठ महिन्यांहून थोडी अधिक!

इतर विद्यांकडे पाहण्याची कानोंची दृष्टी उदार होती. १९२२ मध्ये ओकिनावाहून आलेल्या फुनाकोशींना त्यांनी कोदोकानात कराटेचे प्रयोग करायला बोलावले. कराटेला राजधानीत पाऊल रोवायला ते उपयोगी पडले. १९३० मध्ये ऐकिदोचे जनक उएशिबा यांचे काम पाहून त्यांनी आपले निवडक शिष्य त्यांच्याकडे शिकायला धाडले. सत्तरी गाठलेला आचार्य आपले शिष्य दुसऱ्याच्या दारात पाठवितो, हे आपल्याकडे किती ठिकाणी घडेल? १९२२ च्याच सुमारास त्यांनी आपल्या शिकवणुकीची दोन सूत्रे मांडली. एक, अंगातल्या आणि मनातल्या शक्तीचा उत्तम उपयोग करणे. दुसरे, आपण आणि दुसरा दोघांचे मिळून कल्याण साधणे. १९२९ मध्ये रवींद्रनाथांच्या आग्रहावरून शिंझो ताकागाकी हे ज्यूदोपटू शांतिनिकेतनात आले आणि सुमारे दोन वर्षे त्यांनी तेथे मुलामुलींना ज्यूदो शिकविला. त्या गोष्टीला आता जवळजवळ शंभर वर्षे झाली.

आमच्या वृद्ध शिक्षकांनी पोरवयात कानोंना पाहिले होते. वर्ग संपल्यावर मी चटया पुसायला थांबत असे, तेव्हा ते थोडेफार सांगत. कानोंची व्याख्याने फार लांबत, गुडघे मोडून बसलेल्या पोरांचे पाय बधिर होत, आणि उठताना निम्मी पोरे पडत. ती मात्र नीट पडत, हे ते हसून सांगत. मी त्यांना काकांची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुढे बोलावले आणि वर्गासमोर स्वतः माझ्या हातून पडून दाखविले, वीस-पंचवीस वेळा, त्या वयात. पडताना त्यांचा आवाज कोवळ्या पोराइतका स्वच्छ येई. कसलाही उपदेश त्यांनी केला नाही. मी मात्र त्या दिवशी प्रथमच कोणाला तरी मनापासून फेकले, कारण फेकल्याने इजा होणार नाही असा भरवसा आला.

आता कटू भाग. १९३६ साली बर्लिनमध्ये ऑलिंपिक समितीने १९४० च्या स्पर्धा टोकिओला दिल्या. छत्तीस मते टोकिओला, सत्तावीस हेलसिंकीला. कानोंच्या कित्येक वर्षांच्या खटपटीचे ते फळ. (त्याच उन्हाळ्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक आपले देशी खेळ दाखवायला बर्लिनमध्ये होते, हे विदर्भातल्या वाचकांना अभिमानाने आठवेल.) पण जर्मनीत काय चालले होते आणि जपानात काय शिजत होते हे जगाला दिसत होते. १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण युद्ध लादले. ज्या देशाची हजारो मुले कानोंनी शिकविली होती त्याच देशावर त्यांच्या देशाचे बाँब पडू लागले. जपानी शाळांतला ज्यूदो सैनिकी कवायतीच्या दावणीला बांधला गेला. कानोंनी उघड बंड पुकारले नाही. ते सरकारमान्य पुरुष होते, वरिष्ठ सभागृहाचे सभासद राहिलेले होते, आणि आतून राहूनच काही वाचविता येईल अशी त्यांची समजूत असावी. दोघांचे मिळून कल्याण हे सूत्र सांगणाऱ्याने तेव्हा अधिक स्पष्ट बोलायला हवे होते, असे मला वाटते. चरित्रनायकावर प्रेम असले म्हणून हे झाकावे असे नाही.

१९३८ च्या मार्चमध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, ते कैरोच्या बैठकीला गेले. युद्धखोर देशाला स्पर्धा देऊ नयेत असा सूर तेथे होता. कानोंनी भांडून टोकिओचे यजमानपद टिकविले. परतताना अमेरिकेमार्गे हिकावा मारू या बोटीने ते निघाले. वाटेत न्यूमोनिया झाला आणि ४ मे रोजी, योकोहामा दोन दिवसांवर असताना, त्यांची प्राणज्योत मालवली. शवपेटीवर ऑलिंपिकचा ध्वज घालून त्यांना किनाऱ्यावर उतरविले. जुलैमध्ये जपानने त्या स्पर्धा आपण होऊन परत केल्या. ही बोट योकोहामाच्या बंदरात अजून उभी आहे, तिचे संग्रहालय झाले आहे. मी तीवर दोनदा जाऊन आलो. लोक तेथे चार्ली चॅप्लिनने १९३२ मध्ये केलेल्या प्रवासाची चौकशी करतात.

युद्धानंतर अमेरिकन अंमलात शाळांतून ज्यूदो बंद झाला, तो १९५० मध्ये परत आला. त्या बंदीच्या काळात अनेक ज्यूदोपटू कुस्तीकडे वळले. त्यांतला शोहाची इशिई हा १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक घेऊन गेला, आणि त्याच गटात त्याच्याकडून हरून आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळविले. खाशाबांचे नाव आमच्या काकांच्या तोंडी कायम असे. तो जपानी कोणत्या चटईवर घडला होता हे मी त्यांना परत आल्यावर सांगितले, तेव्हा त्यांनी फक्त इतकेच विचारले, की तिथे मान कशी सांभाळतात. मी अंगणात गोणपाट टाकून त्यांना पडून दाखविले. आजी तेव्हा हयात नव्हती.

१९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये ज्यूदोचा प्रवेश झाला. खुल्या गटात डच मल्ल अँटन गीसिंकने जपानच्या कामिनागाला हरविले. त्याचे देशबांधव आनंदाने चटईवर धावू लागले, तेव्हा कामिनागाला दाबून ठेवलेल्या स्थितीतूनच गीसिंकने हात वर करून त्यांना थांबविले. तो सामना हरला तरी कानो जिंकले, असे जपानी लोक मानतात, आणि मलाही ते पटते.

पण कानोंच्या घरातच त्यांचा पहिला धडा विसरला गेला, हेही सांगितले पाहिजे. १९८३ ते २०११ या काळात जपानच्या शाळांत ज्यूदो खेळताना शंभराहून अधिक मुले दगावली. पुष्कळांच्या डोक्याला मार लागला होता, आणि त्यांत नवशिकी मुले फार होती. ज्यांना पडणे पक्के येत नव्हते त्यांनाच कसलेल्यांनी फेकले. २०१२ मध्ये माध्यमिक शाळांत युद्धविद्या सक्तीच्या झाल्या तेव्हा पालकांनी आरडाओरडा केला आणि नवे नियम आले. मी टोकिओत होतो ती वर्षेही त्याच काळातली. आमचे शिक्षक सहा आठवडे पडायला का लावीत होते, हे मला हे आकडे वाचल्यावर नव्याने कळले.

एका व्यक्तीबद्दल सांगायचे राहिले. पहिले गुरू फुकुदा, तो आपटून उत्तर देणारा हाडवैद्य, त्यांना केइको नावाची नात होती. १९३० नंतरच्या काळात वृद्ध कानोंनी तिला स्वतः ज्यूदो शिकायला बोलावले, आणि १९३५ मध्ये ती कोदोकानच्या स्त्रीविभागात दाखल झाली. हा विभाग १९२६ पासून होता, तरी स्त्रियांना सामन्यांत उतरण्याची मुभा नव्हती, आणि ही मर्यादा कानोंचीच. केइकोची उंची पाच फूटही नव्हती. १९५३ मध्ये तिला पाचवा डॅन मिळाला आणि पुढे जवळजवळ वीस वर्षे ती तेथेच अडकली, कारण स्त्रीला त्याच्या वर चढविण्याची रीत नव्हती. ती रीत १९७२ मध्ये मोडली. तोवर ती अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला स्थायिक झाली होती आणि बायकामुलींना शिकवीत होती. २००६ मध्ये कोदोकानने तिला नववा डॅन दिला, २०११ मध्ये अमेरिकन संस्थेने दहावा. कानोंपाशी प्रत्यक्ष शिकलेल्यांपैकी ती शेवटची. नव्वदी ओलांडल्यावरही ती वर्गावर येई आणि खुर्चीत बसून मुलींचे पडणे तपासी. २०१३ मध्ये, नव्व्याण्णवाव्या वर्षी, ती वारली.